डावा कान आणि संध्याकाळचं कॉलेज

हॉस्पिटलच्या लाँड्रीत तिला समोर सगळे मोठीताई म्हणत आणि पाठीमागे भोंगा. आवाजच तसा होता. पण त्या हॉलमध्ये हळू बोलून चालणार कसं? एका भिंतीला धुण्याची यंत्रं, दुसऱ्या भिंतीला पाणी पिळून काढणारी, मधे चादरींना इस्त्री करणारे लांबच लांब रूळ. सगळी एकदम सुरू झाली की पायाखालची फरशीही थरथरायची. ती ऐन विशीत तिथे लागली, तेव्हापासून त्या आवाजातच होती.

आधी कानात शिट्टी वाजायला लागली. मग एक दिवस फोन डाव्या कानाला लावला आणि तिला वाटलं, फोन बिघडला. उजव्या कानाला लावला तर तो चांगला चालत होता. पुढे उजवा कानही हळूहळू दगा देऊ लागला. तिने कोणालाच सांगितलं नाही. तिच्या माहेरी एक आत्या होती, ठार बहिरी. लोक तिच्यासमोरच तिच्याबद्दल बोलायचे, जणू ती खोलीत नाहीच. आत्या सगळ्यांकडे बघून हसत राहायची. ते हसणं तिच्या डोक्यातून कधी गेलं नाही.

म्हणून ती ओठ वाचायला शिकली. ज्याचे ओठ दिसत नाहीत त्याच्यासाठी तिच्याकडे तयार उत्तरं होती: ‘हो’, ‘बघू या’, आणि सूर गंभीर वाटला तर ‘काय सांगता!’ एवढ्यावर संसार चालतो याचं तिला स्वतःलाही नवल वाटायचं. त्यातून नवरा सलूनवाला. दिवसभर गिऱ्हाइकांशी बोलून त्याचं तोंड दुखत नसे; घरी आल्यावर टॉवेल धुताना, भांडी लावताना, बुटाची नाडी सोडताना तो बोलतच असायचा. ती ‘हो’ म्हणायची. तो खूश, तीही खूश.

लाँड्रीचे सुपरवायझर निवृत्त व्हायला आले, तेव्हा मोठ्या साहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. “काम तर तुम्हीच बघता. पण त्या खुर्चीवर बसायला पदवी लागते. तुम्ही कॉलेजला नाव घाला, तोवर मी तुमच्याकडे तात्पुरता चार्ज देतो.”

बारावीनंतर लग्न झालं आणि कॉलेज राहून गेलं होतं. ती घरी आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर काय होतं कोण जाणे, नवऱ्याने विचारलं, “अगं, लॉटरी लागली का काय?”

नणंद एका कॉलेजच्या ऑफिसात कामाला होती. तिने सगळी चौकशी केली. दोन वाटा होत्या. एक म्हणजे संध्याकाळचे वर्ग, रोज जायचं, बाकावर बसायचं. दुसरी दूरशिक्षणाची: पुस्तकं घरी येतात, तास मोबाइलवर बघायचे, अधूनमधून रविवारी संपर्क वर्ग आणि शेवटी परीक्षा.

“घरूनच करते,” ती लगेच म्हणाली. “माझ्या ड्यूट्या बदलत्या.”

नवऱ्याचा चेहरा पडला. “घरून? अगं, मी केलं होतं ना घरून. पार्सल आलं ते फोडलंसुद्धा नाही. शेवटी सलूनमधली डुगडुगती खुर्ची त्या पार्सलवरच टेकवली. एकट्याने नाही होत ते. चार माणसांत बसलीस तर लाजेकाजेस्तव तरी करशील.”

“वहिनी, दादाचं बरोबर आहे,” नणंद म्हणाली. “ड्यूट्यांचं काय, आता चार्ज तुझ्याकडेच आहे. आणि आमच्याकडे आधी बसून बघता येतं. आवडलं तर नाव घाल. उद्यापासूनच ये.”

आता नाही म्हणायला कारण उरलं नाही.

वर्ग छान होता. बसचा ड्रायव्हर होता, एक नर्स होती, बँकेतला शिपाई होता, चष्म्याच्या दुकानातली एक मुलगी होती. सगळे दिवसभर राबून आलेले, एकमेकांना जागा करून देणारे. तिला ते मनापासून आवडलं. हेच तर हवं होतं इतकी वर्षं, असं वाटून ती दुसऱ्या बाकावर जरा ऐटीतच बसली.

मग हिशेबाचे सर आले. तरुण, उत्साही, आणि फळ्याकडे तोंड करून बोलणारे. डोक्यावर दोन पंखे खडखडत होते, खोली उंच आणि अर्धीअधिक रिकामी, त्यामुळे प्रत्येक शब्द भिंतींवर आपटून तुकडे होऊन येत होता. ती फळ्यावरचं उतरवून घेत राहिली. अचानक सर वळले आणि त्यांचं बोट तिच्याकडे होतं. प्रश्नाचा पहिला अर्धा भाग फळ्यातच राहिला होता. उरलेल्यावरून तिला वाटलं, सर विचारताहेत, बहिणी किती, कोण कोण?

ओळखपाळख चालली असेल. ती उभी राहिली आणि तिच्या लाँड्रीतल्या आवाजात म्हणाली, “दोन आहेत. दोघीही सुखाने नांदताहेत.”

सगळा वर्ग खदखदून हसला. सरही हसले, टाळी वाजवून हसले. सगळे हसले म्हणून तीही हसली. काय झालं ते तिला मधल्या सुट्टीत नर्सबाईंनी चहाचा कप हातात देत सांगितलं. “काय बोललात हो! सर देणी कोणकोणती ते विचारताहेत आणि तुम्ही म्हणता सुखाने नांदताहेत! माझी देणी नांदली अशी तर अजून काय हवं!”

कोणी तिची टिंगल केली नव्हती. उलट पहिल्याच दिवशी ती वर्गात सगळ्यांची लाडकी झाली होती. पण तिने चहाचा कप तसाच खिडकीत ठेवून दिला. आपण आत्यासारखं हसलो, एवढंच तिला दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी ती गेली नाही. नवरा सलून बंद करून आला तर ती घरीच.

“हे काय? गेली नाहीस?”

“मला नाही जमणार तिथे. घरूनच करते म्हटलं ना.”

“अगं, एका दिवसात? काय झालं ते तरी सांग. कोणी काही बोललं का?”

“नाही.”

“मग?”

“नाही जमणार म्हणजे नाही.”

तो मोरीत गेला आणि पाठमोरा होऊन सलूनचे टॉवेल पिळू लागला. पिळता पिळता काहीतरी म्हणाला. हळू. शेवटी मान जराशी वळली, म्हणजे प्रश्न असावा.

“हो,” ती म्हणाली.

त्यानंतर तो बोलायचा थांबला. अगदी अबोला नव्हे. भाजी काय आणू, दार लावून घे, एवढं चालू होतं. पण टॉवेल धुताना त्याचे खांदे हलायचे आणि जबडा नाही. तिला वाटलं, कॉलेजचा राग आहे, जाईल.

राग गेला नाही. एका दुपारी नणंद ऑफिस अर्धवट सोडून थेट लाँड्रीच्या मागच्या दारी आली. “वहिनी, तू दादाला असं कसं म्हणालीस?”

“कसं?”

“त्याने विचारलं, माझी लाज वाटते का तुला? तिथे नवरा काय करतो असं कोणी विचारलं आणि हजामत करतो म्हणून सांगावं लागलं, म्हणून सोडतेस का? आणि तू सरळ हो म्हणालीस. तो माझ्याकडे येऊन रडला गं. दादा! रडला!”

नणंद तिच्यासमोरच उभी होती. एकही शब्द चुकला नाही.

ती एप्रन न काढताच निघाली. सलूनमध्ये ती सहसा जात नसे. आत एक गिऱ्हाईक अर्ध्या चेहऱ्याला फेस लावून बसलं होतं आणि नवऱ्याच्या हातात वस्तरा होता.

“अहो, त्या दिवशी मोरीत तुम्ही काय विचारलंत ते मला ऐकूच आलं नाही.”

“तू हो म्हणालीस.”

“मी सगळ्यालाच हो म्हणते! डाव्या कानाने मला काही ऐकू येत नाही. उजव्याने अर्धंमुर्धं. तोंड दिसलं तर कळतं, नाही दिसलं तर हो म्हणते.” लाँड्रीचा आवाज, रस्त्यावरचे दोघे थांबून बघू लागले. “लाज वाटली असती तर माझे केस तुमच्या हातून कापून घेतले असते का मी? तिथे कोणी तुमचं नावसुद्धा काढलं नाही. सर फळ्याशी बोलतात, मला काही कळलं नाही, आणि मी माझ्या बहिणींची खुशाली सांगून बसले!”

तो वस्तरा तसाच धरून बाकड्यावर बसला.

“कधीपासून?”

“झाली की बरीच वर्षं.”

“म्हणजे एवढी वर्षं मी कोणाशी बोलत होतो?”

ती त्याच्या शेजारी बाकड्यावर टेकली.

“आई गेली त्या आठवड्यात,” तो म्हणाला, “मी कपाट आवरत होतो. तेव्हा जे बोललो ते?”

“पाठ होती तुमची. काय बोललात?”

त्याने गिऱ्हाइकाकडे पाहिलं. गिऱ्हाईक आरशातून म्हणालं, “मी ऐकत नाही साहेब. पण ही एवढी बाजू उरकलीत तर बरं होईल, फेस वाळतोय.”

तो उठला. दाढी पुरी केली, गिऱ्हाइकाला वाटेला लावलं, दार ओढून घेतलं आणि तिच्यासमोर उभा राहून, तोंड नीट दिसेल असं, म्हणाला, “तू नसतीस तर मी आईमागोमाग गेलो असतो, असं बोललो होतो.”

ती म्हणाली, “काय सांगता!” आणि मग दोघांनाही हसू आवरेना. डोळे पुसायला त्याने तिला सलूनचाच टॉवेल दिला.

कानाच्या डॉक्टरांनी डावा कान गेलाच म्हणून सांगितलं. उजव्याला यंत्र बसवलं. नणंद म्हणाली, “आता तर प्रश्नच मिटला. उद्या वर्गात ये.” ती गेलीही. सरांना खरं काय ते सांगितलं. ते बिचारे ओशाळले आणि तासभर तिच्याकडेच बघून शिकवत राहिले. पण यंत्र सरांचा आवाज वाढवायचं तसाच पंख्यांचाही. मागच्या बाकांवरून कोणी काय विचारलं ते तिला कळेना, आणि सगळे कशाला हसले तेही. घरी आली ती डोकं धरूनच.

रात्री जेवताना ती म्हणाली, “मी घरूनच करणार. रागावू नका. मोबाइलवर खाली शब्द उमटतात, नाही कळलं की मागे नेऊन पुन्हा ऐकता येतं. तिथे मी सरांना किती वेळा थांबवू? मला शिकायचंय हो. वर्गात माझा सगळा जीव ऐकण्यातच जातो.”

नवऱ्याने ताटातून मान वर केली. “आणि कंटाळलीस तर?”

“कंटाळेन. तुम्ही मला ओढून बसवा.”

“बसवीन,” तो म्हणाला. नर्सबाई आणि ड्रायव्हर यांची ओळख सुटणार याचं वाईट तिलाही वाटत होतं, पण तो विषय तिने काढला नाही.

ती कंटाळली. अर्थशास्त्राने तर तिचा अंत पाहिला. लाँड्रीतून आल्यावर पुस्तक उघडताच डोळे मिटायचे, आणि नवरा समोर बसून प्रश्न विचारायचा, उत्तर स्वतःला येत नसलं तरी. पहिल्या वर्षी हिशेबाचा पेपर राहिला. दुसऱ्या खेपेला निघाला.

त्याआधी, अगदी पहिल्या रविवारच्या संपर्क वर्गाला ती वेळेआधी पोचली होती. वर्ग नवा, माणसं अनोळखी, बाई खडू हातात घेऊन आत येताहेत. ती उभी राहिली. “बाई, मला कमी ऐकू येतं. फळ्याकडे बघून बोललात तर माझा रविवार फुकट जाईल.”

बाई दारातच थांबल्या. मग मागून एक पिकल्या केसांचे गृहस्थ म्हणाले, “बाई, मलाही जरा मोठ्यानेच. मी सांगणार नव्हतो.”

बाईंनी दोघांना पहिल्या बाकावर घेतलं, खडू खाली ठेवला आणि वर्गाकडे तोंड करून शिकवायला सुरुवात केली.