दातांचे वण

मुंबईच्या भंगारातून आलेली ती वस्तू इनायतुल्लानं फडक्यातून काढून माझ्यासमोर ठेवली, तेव्हा मला वाटलं, हा माणूस आता हुक्का ओढायला लागला. पितळेचा एक गोल चपटा डबा, त्यातून निघालेल्या दोन जाड रबरी नळ्या, आणि नळ्या जिथं एकमेकींना भेटत होत्या तिथं तोंडात धरायचा रबराचा तुकडा. नळ्यांना भेगा पडल्या होत्या. डब्यावर हिरवा कळंक चढला होता.

अकोल्याला जठारपेठेत इनायतुल्लाचं दुकान होतं. स्टोव्ह, गॅसबत्ती, वेल्डिंगच्या बाटल्यांचे वाल, जे जे हवेच्या जोरावर चालतं ते तो दुरुस्त करायचा. मी अकोटच्या एका जिनिंगमध्ये इंजिनवर फिटर होतो. सुट्या भागांसाठी अकोल्याला आलो की त्याच्याकडे चहा ठरलेला. साल एकोणीसशे बासष्ट.

"हे तोंडात धरून माणूस पाण्याखाली श्वास घेते, जानराव," तो म्हणाला. "हवेची बाटली पाठीले, हा डबा मानेमागं. आपन ओढलं का हवा देते, सोडलं का बाहीर फेकते."

"अन् अकोल्यात पानी कुठी हाये? मोर्णेत तं म्हैस बी बुडत नाई."

"तुह्या गावात हाये ना," तो हळूच म्हणाला. मी कप खाली ठेवला.

आमचं गाव नांदगाव खंडेश्वरच्या बाजूला. गावची विहीर आमच्या लोकांना बंद होती, तेव्हा आमच्या आज्यांनी काळा पाषाण फोडून वस्तीची स्वतःची विहीर खोदली. तिचं पाणी गावच्या विहिरीपेक्षा गोड, हे मी आमची आहे म्हणून सांगत नाही, खरंच गोड. पण तीन वर्षांपासून त्या विहिरीत कोणी बादली सोडली नव्हती.

माझा थोरला भाऊ देवमन एका सकाळी घरातून गेला आणि त्याच्या चपला विहिरीच्या काठावर सापडल्या. देवमन वस्तीतला सगळ्यात पट्टीचा पोहणारा. कोणाची बादली बुडाली की तोच बुडी मारून काढायचा. तो बुडेल कसा, असं जो तो म्हणाला आणि जो तो विहिरीत डोकावला. गळ टाकले, नुसत्या बादल्या निघाल्या. दोन इंजिनं लावून उपसा केला, पण झरे एवढे जबर की पाणी काही खाली जाईना. प्रेत वरही आलं नाही. तळाशी एका बाजूला खडकात कपार आहे, तिच्यात तो अडकला असणार, असं मग सगळ्यांनी ठरवून टाकलं.

त्याची बायको दुर्गाबाई, माझी वहिनी, त्या दिवसापासून विहिरीची राखण करू लागली. वेडी म्हणावं तर निंदणाला जायची, स्वयंपाक करायची, हिशेबाचं बोलायची. पण कोणी बादली घेऊन आलं की आडवी उभी राहायची. "त्याच्या डोक्यात लागंन," म्हणायची. एवढंच. भांडण नाही, रडणं नाही. तिच्या त्या चेहऱ्यापुढे वस्तीतल्या कोणाची हिंमत झाली नाही, आणि सगळ्या बाया नाल्यावरून पाणी आणू लागल्या. उन्हाळ्यात नाल्याच्या वाळूत झिरे खोदून वाटी वाटीनं पाणी भरताना त्या तिला शिव्या घालत, आणि घरी जाताना तिच्या दारात एक घागर ठेवत.

मला तिचा राग यायचा आणि दयाही यायची. कपाळावर कुंकू ठेवावं की पुसावं, हेही तिला कोणी सांगू शकत नव्हतं. त्याची हाडं वर आणायची, त्याला रीतसर निरोप द्यायचा, तिला मोकळं करायचं आणि विहीर सुरू करायची, एवढं एकच माझ्या मनात होतं. म्हणून मी इनायतुल्लाला म्हटलं, "कर मंग नीट."

त्यानं डबा चिंच आणि राखेनं घासून लख्ख केला. आतला रबरी पडदा कुजला होता. ट्रकच्या ट्यूबचा कापून बसवला तर हवा ओढताना छाती फुटायची वेळ आली; मग डॉक्टरांच्या रबरी हातमोज्याचा पातळ पडदा बसवला, तो झकास चालला. श्वास बाहेर टाकायला आत बदकाच्या चोचीसारखा एक वाल असतो, तो सायकलच्या ट्यूबचा झाला. नळ्या लढाईच्या वेळच्या गॅसमुखवट्यांच्या निघाल्या. हवेची बाटली त्याच्या दुकानातलीच, ती मी आमच्या जिनिंगमध्ये भरली. मोठं डिझेल इंजिन दाबाच्या हवेनं सुरू करतात, तिच्या टाकीतूनच घेतली. बाटली गच्च भरण्याएवढा दाब तिच्यात नव्हता आणि हवेला इंजिनच्या धुराचा वास होता, पण हवा ती हवा, असं आम्हा दोघांना वाटलं.

तोंडात धरायचा तुकडा मात्र त्याला बनवता आला नाही. जुनाच ठेवला. त्यावर कोणाच्या तरी दातांचे खोल वण होते. आधीच्या माणसानं जीव खाऊन चावलेला असावा. वरच्या बाजूला एका ठिकाणी वण नव्हता, तिथला दात त्याला नसणार. मी दुकानामागच्या हौदात डोकं बुडवून तो तोंडात धरला, तर माझे दात त्या खड्ड्यांत बसेनात.

"कोनाचं होतं हे?" मी विचारलं.

"भंगारवाल्याचं," इनायतुल्ला म्हणाला आणि स्टोव्हला पंप मारायला लागला. खोटं बोलताना तो नेहमी काहीतरी हातात घेतो.

आम्ही एसटीच्या टपावर सगळं लादून गावी गेलो. भर दुपारी, ऊन सरळ विहिरीत पडतं तेव्हा, मी कमरेला दोर बांधून उतरलो. कमरेभोवती तराजूची लोखंडी मापं लटकवली होती. हातात लोणच्याच्या काचेच्या बरणीत लाख लावून बंद केलेली बॅटरी. वहिनी काठावर उभी होती. तिनं मला फक्त एवढंच सांगितलं, "सांभाळून उचल. झोपेतून उठवतो तसं."

पाणी डोक्यावरून गेलं आणि जगाचा आवाज बंद झाला. उरला तो यंत्राचा. ओढलं की मानेमागं टक, मग हवा. सोडलं की बुडबुडे. टक, बुडबुडे. थोड्या वेळानं भीती गेली आणि मला चक्क मजा वाटू लागली. हिरव्या उजेडात आज्यांच्या सुरुंगांच्या खुणा दिसत होत्या. खाली खाली गेलो तसं पाणी थंड झालं आणि उजेड सरला.

तळाला बादल्या, एक तांब्याची घागर आणि गाळ. कपार दिसली. वाकून एक माणूस जाईल एवढी. मी बरणी पुढं धरून आत शिरलो. गाळ उठला, काही दिसेना. तो बसावा म्हणून मी हलायचं थांबलो, श्वासही धरून ठेवला.

मानेमागं टक झालं.

मी ओढलं नव्हतं. तरी उजव्या नळीतून हवा आली, माझ्या बंद तोंडावरून गेली आणि डाव्या नळीतून निघून गेली. बुडबुडे सुटले. पुन्हा टक. माझ्या श्वासापेक्षा संथ, लांब, सवयीच्या माणसाचा श्वास. आणि तोंडातला तो रबराचा तुकडा घट्ट झाला, माझ्या दातांनी नाही. दुसऱ्या कोणीतरी तो धरला होता आणि मी फक्त मध्ये होतो. मी घाबरलो, सरळ सांगतो. तरी हात लांब करून कपारीचा कोपरा न् कोपरा चाचपला. नुसता खडक. एक हाड नाही, एक चिंधी नाही. मग दोराला हिसका दिला.

वर आल्यावर मी ओकलो. इनायतुल्लाला सगळं सांगितलं तर तो म्हणाला, "इंजिनची हवा हाये, धूर राह्यते तिच्यात. डोकं फिरलं तुहं." तसं असेलही. पण बोलताना त्यानं बाटलीचा नट उगाचच घट्ट करायला घेतला होता.

"वयनी, तो नाई तथी," मी म्हणालो. "कपार बी पाह्यली. काईच नाई."

ती खाली बसली. ओलं यंत्र मांडीवर घेऊन पदरानं पुसू लागली, जणू ते दमून आलं होतं. पुसता पुसता तिचं बोट त्या वणांवर थांबलं. एकदा फिरलं, पुन्हा फिरलं. मग ती उठून घरात गेली आणि खुंटीवरची चामड्याची वादी घेऊन आली.

ती वादी मला माहीत होती. इंजिनच्या हँडलनं उलटा फटका मारला तेव्हा देवमनचा हात मोडला होता आणि पुढचा एक दात पडला होता. हाडवैद्यानं हात बसवताना ओरडू नये म्हणून ती वादी त्याच्या तोंडात दिली होती. तिच्यावर त्याचे दात उमटले होते. वहिनीनं वादी रबराशेजारी धरली. तोच तिरपा सुळा. तीच मधली मोकळी जागा.

"भाऊ," ती इनायतुल्लाला म्हणाली, "हे कोनाचं होतं?"

इनायतुल्लाच्या हातात या वेळी काहीच नव्हतं. "मुंबईत एक ठेकेदार बुडालेल्या जहाजातलं तांबं काढते, भाभी. त्याच्याकडं कोनी वऱ्हाडातला बुडीवाला होता म्हने. लय पट्टीचा. एक दिस जहाजाच्या पोटात गेला. यंत्र वर आलं, मानूस नाई आला." तो माझ्याकडे बघेना. "हे आधी सांगतलं असतं तं तू तोंडात धरलं नसतं, जानराव. पन नाव मले खरंच मालूम नवतं."

म्हणजे चपला काठावर ठेवून, अनवाणी, माझा भाऊ मुंबईला गेला होता. मागं कोणी शोधू नये म्हणून. तीन वर्षं ही बाई रिकाम्या विहिरीला सांभाळत होती, आणि तो समुद्राच्या तळाशी पैसे कमवत होता. त्या क्षणी तो जिवंत असता तर मी त्याचे उरलेले दातही पाडले असते. आणि मला रडूही येत होतं.

वहिनी रडली नाही. "हे मले द्या," ती म्हणाली.

इनायतुल्लानं त्या यंत्रावर अख्खा हिवाळा घातला होता. त्यानं पान्यानं बाटली सोडवली, डबा आणि नळ्या तिच्या ओंजळीत ठेवल्या. "तुमचंच हाये," म्हणाला.

ती काठावर गेली. एव्हाना वस्ती जमली होती. शेजारची पार्बताबाई नाल्यावरून येता येता तशीच थांबली होती, बादली हातात घेऊन. वहिनीनं यंत्र विहिरीवर धरलं आणि एखाद्या पोराला दटावावं तशी बोलली.

"चपला इथं ठेवल्या ना तू? मंग इथंच राह्य."

आणि सोडून दिलं. नळ्यांतली हवा भसाभस वर आली आणि पाणी शांत झालं. आम्ही वळणार, तेवढ्यात एक बुडबुडा आला. मग काही वेळ काही नाही. मग दुसरा. संथ, लांब. बाटली इनायतुल्लाच्या पायाशी पडली होती. त्यानं एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा पाण्याकडे, आणि टोपी काढून पुन्हा घातली.

वहिनीनं पार्बताबाईच्या हातातून बादली घेतली, दोर बांधला.

"अवो दुर्गे, लागंन ना त्याले," पार्बताबाई कुजबुजली.

"लागू दे," वहिनी म्हणाली, आणि दोर हातातून सुसाट सोडला.

बादली पाण्यावर आपटली. बुडबुडे थांबले. तिनं भरलेली बादली ओढून काढली, आधी स्वतः प्याली, मग कपाळ धुतलं. त्या दिवसापासून आमची विहीर सुरू आहे, पाणी अजूनही गोड आहे. उन्हाळ्यात दुपारी कोणी नसताना बघावं, तर बुडबुडे येत असतात. बादली आपटली की थांबतात, आणि ती वर गेली की पुन्हा सुरू होतात.