मेकॅनिकची मुलगी

"पावती?" बाईंनी मान वर न करता विचारलं.

त्यांच्यासमोर एक पांढरा शर्ट होता. इस्त्री कॉलरच्या एका टोकाकडून मध्यापर्यंत गेली, उचलली गेली आणि दुसऱ्या टोकाकडून पुन्हा मध्यापर्यंत आली. काउंटरच्या अलीकडे उभी असलेली मुलगी ते बघत राहिली. मुलगी म्हणायचं एवढंच. चाळिशी ओलांडली होती तिने.

"पावती नाही माझ्याकडे."

"मग कपडे मिळायचे नाहीत. मागे एकाला ओळखीवर दिले, तर तो दुसऱ्याची पँट घालून लग्नाला जाऊन आला. लग्न त्याचंच होतं."

"कपडे न्यायला नाही आले. तुमच्याशी बोलायचं होतं."

आता बाईंनी वर पाहिलं. सत्तरीच्या आसपासचं वय, गळ्यात दोरीने अडकवलेला चष्मा, वाफेने ओलसर झालेला चेहरा. मागे दांडीवर झाकलेले कोट एकमेकांना खेटून उभे होते, आणि त्यांच्या पलीकडे वर जाणारा अरुंद जिना दिसत होता.

गाडीत बसल्यापासून तिने एक वाक्य तयार केलं होतं. पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत नवीन माणसाला सूचना द्यायची असली की ती असंच करायची. वाक्य छोटं हवं, त्याचा एकच अर्थ निघायला हवा. वाक्य असं होतं: 'तुमच्या वरच्या खोलीत राहायचे त्या मेकॅनिकची मी मुलगी, जी मेली असं त्यांनी तुम्हाला सांगितलं होतं.'

"तुमच्या वरच्या खोलीत टाइपरायटर दुरुस्त करणारे एक मेकॅनिक राहायचे," ती म्हणाली. "मी त्यांची मुलगी."

इस्त्री थांबली. थांबली ती कापडावरच. मग बाईंनी दचकून ती उचलली आणि उभी ठेवली.

"मेकॅनिकची?"

"हो. मी…"

"अगं बाई!" बाईंचा चेहरा उजळला. "म्हणजे केलं शेवटी दुसरं लग्न! मी किती मागे लागले होते, आहेस कुठे! झालं ते झालं, पण तुम्ही असे वाळत घातल्यासारखे किती दिवस राहणार, म्हणून. ऐकलं म्हणायचं माझं. ये, आत ये. ती फळी उचल. जोर लाव, अडकते ती."

फळी खरंच अडकत होती. ती उचलून आत येईपर्यंत वाक्याचा दुसरा अर्धा भाग राहूनच गेला.

महिन्याभरापूर्वी बाबांनी जेवणाच्या टेबलावर टाइप केलेल्या कागदांचा गठ्ठा ठेवला होता, त्यांच्या आठवणींचं पुस्तक. आपल्या नोकरीबद्दल ते कधीच बोलले नव्हते. ती सहा वर्षांची असताना ते 'बोटीवर' गेले आणि परत आले तेव्हा ती दहावीत होती. त्यानंतरही ते घरात पाहुण्यासारखेच राहिले. पाणी हवं असलं तरी विचारून घ्यायचे. आई गेल्यावर ते एकटे राहू लागले. ती दर रविवारी जायची. दोघं समोरासमोर बसून आपापलं वाचायची. त्या रविवारी ते म्हणाले, "हे आधी तू वाच." तेव्हा तिला कळलं की बोट नव्हतीच. हे शहर होतं. इथल्या कार्यालयांमधून टाइपरायटर दुरुस्त करत हिंडायचं, आणि जुन्या रिबनी काढून न्यायच्या. काही रिबनी एकदाच वापरायच्या असतात, त्यांच्यावर टाइप केलेलं प्रत्येक अक्षर जसंच्या तसं राहतं. नऊ वर्षं ते खोलीत बसून दुसऱ्यांची पत्रं उलगडत होते.

चौथ्या प्रकरणात एक परिच्छेद होता. 'एकट्या माणसाला सुट्टीत घरी का जात नाहीस असे कोणी विचारू नये, म्हणून पत्नी व मुलगी अपघातात मरण पावल्याचे ठरविण्यात आले.' बस, एवढंच. ठरविण्यात आले.

"तुमच्या गुप्तहेर खात्याने छापायच्या आधी दोन प्रकरणं गाळली," ती बाबांना म्हणाली होती. "माझ्या मरणात त्यांना गोपनीय काही सापडलं नाही का?"

बाबांनी चष्मा पुसला. "प्रकाशक बाईंना ते प्रकरण सगळ्यात आवडलंय," ते म्हणाले.

"मग त्यांना घाला त्यात. मला काढा."

बाबांनी गठ्ठ्याच्या कडा सारख्या केल्या. मग म्हणाले, "मी तिथल्या घरमालकिणीला विचारल्याशिवाय ते छापणार नाही. ती नको म्हणाली तर सगळं प्रकरण काढतो. पण हे फोनवर सांगायचं नाही. आणि मला आता दोन जिने उतरवत नाहीत."

ती आली ती या आशेवर. समोरची बाई चिडेल, ओरडेल, नको म्हणेल, आणि प्रश्न मिटेल.

"आहेत ना?" बाई विचारत होत्या. त्यांनी स्टुलावरचा चादरींचा ढीग उचलून तिला बसायला जागा केली.

"आहेत. कंबरेचं हाड मोडलं होतं. घरातल्या घरात फिरतात."

"तरीच स्वतः नाही आले. एक दिवस रिबन आणायला म्हणून गेले ते गेलेच. दोन शर्ट राहिले होते त्यांचे. वर्षभर ठेवले मी. मग देऊन टाकले. तुला सांगतात का काही, आधीच्या घराबद्दल?"

"नाही."

"तेच ते. पहिले काही महिने इथेही तोंडातून शब्द नव्हता. वर जायचे, खाली यायचे. मला वाटलं, मुके आहेत की काय. मग एकदा कोणाचा तरी लहान फ्रॉक होता इस्त्रीला. हे जिन्यावरून उतरता उतरता थांबले. म्हणाले, हा मागून बटणाचा आहे, हा तिला स्वतःला घालता येणार नाही. मी म्हटलं, कुणाला हो? आणि मग जे बोलायला लागले!" बाईंनी पुढचा शर्ट ओढला, त्याच्यावर पाणी शिंपडलं. "बटण बटण बटण. तुझ्या मोठ्या बहिणीचं नाव. खरं नाव नाही सांगायचे, बटणच. नाक तसं होतं म्हणे."

तिचा हात नाकाकडे जाणार होता. तिने तो गुडघ्यावर दाबून धरला. हे नाव पुस्तकात नव्हतं. परत आल्यापासून बाबांनी तिला पूर्ण नावानेच हाक मारली होती.

"झोपताना एकच मोजा घालायची, माहितीये? एका पायात. दोन घातले तर अंधारात डावा कुठला ते कळत नाही, म्हणायची." बाई हसल्या. "आणि बस पुलावर आली की श्वास धरायची. पूल संपेपर्यंत. एकदा पुलावरच बस बंद पडली, तर हे घाबरले, अगं सोड श्वास, सोड! एवढंसं पोर, पण हट्टी."

ही पुलावरची गोष्ट तिला आठवतही नव्हती. आता मात्र आठवली, म्हणजे बसचा धूर आठवला, आणि गालांवर दाबलेले कोणाचे तरी दोन अंगठे.

"मग आमचा तो नादच झाला," बाई म्हणाल्या. "पोरींचा फ्रॉक आला की मी असा वर धरायची आणि हाक मारायची, मेकॅनिक, आता एवढी असती का हो? ते वरून डोकावायचे. म्हणायचे, नाही, थोडी उंच. दर वर्षी थोडी उंच. आता दात पडले असते, आता अपूर्णांक शिकत असती. वेड्यासारखंच ते. लोक म्हणायचे, कशाला खपली काढता. पण मी बघत होते ना. त्या दिवशी जेवायचे व्यवस्थित."

तिच्या वाढदिवसाला बोटीवरून खोकं यायचं. त्यातला फ्रॉक दर वर्षी वीतभर मोठा असायचा. आई दोरा दातात धरून दुमड घालत बसायची. म्हणायची, माणसाला आपलं पोर केवढं आहे तेही कळू नये! तिने शाळेत ते फ्रॉक कधी घातले नाहीत.

"उभी राहा जरा," बाई म्हणाल्या.

ती उठली. बाईंनी हातातला शर्ट तिच्या खांद्यांना लावून पाहिला, सवयीने, एक डोळा बारीक करून.

"तू आईवर गेली असशील," त्या म्हणाल्या. "बटण असती तर तुझ्याहून उंच झाली असती."

बाहेर एक सायकल घंटी वाजवत गेली. आता नुसतं 'हो' म्हटलं असतं तरी चाललं असतं. बाई खूश होत्या. दुसरं लग्न, दुसरी मुलगी, सगळं छान बसलं होतं. परत जाऊन बाबांना सांगायचं, प्रकरण काढा.

"काकू," ती म्हणाली, "बाबांनी दुसरं लग्न नाही केलं."

"म्हणजे?"

"मला बहीण नाही. बटण मीच."

शर्ट अजून तिच्या खांद्यांवर होता. बाईंचे हात त्याच्या दोन्ही टोकांना होते. ते तसेच राहिले. बाईंची नजर तिच्या कपाळावरून खाली आली, नाकापाशी थांबली, तिथेच राहिली. मग त्यांनी शर्ट काढून घेतला, त्याची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली, आणि जाऊन इस्त्रीची पिन ओढली.

"आई?" त्यांनी पाठमोऱ्याच विचारलं.

"गेली. दोन वर्षं झाली. खरीच."

"तेव्हा होती."

"हो."

बाई स्टुलावर बसल्या. आता ती उभी होती. तिने सगळं सांगितलं; खातं, रिबनी, त्यांमुळे अटक झालेली तीन माणसं. बाई ऐकत होत्या की नाही ते कळत नव्हतं. एकदाच त्या मध्ये बोलल्या.

"त्यांतल्या एकाचे कपडे इथे यायचे. कफ कायम मळलेले." आणि थोड्या वेळाने, "मी विचारलं होतं त्यांना. लग्नाचं. स्वतःच विचारलं, लाज सोडून. म्हणाले, मी अजून तिला विसरलो नाही."

ती दांडीवरच्या कोटांकडे बघत राहिली.

"मी म्हटलं, असू दे. मेलेल्या बाईशी कोण भांडणार." बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला, पुन्हा काढला. "जिवंत होती म्हणायची. मग खरंच बोलले की ते."

गिऱ्हाईक आलं. बाई उठल्या, पावती बघितली, दांडीवरचा कोट काढून दिला, "बगलेतला डाग पूर्ण गेला नाही, जास्त घासला असता तर कापड गेलं असतं," असं सांगितलं आणि परत येऊन त्याच जागी बसल्या.

"बाबांनी पुस्तक लिहिलंय," ती म्हणाली. "त्यात हे आहे. तुम्ही नको म्हणालात तर काढतील. तेच विचारायला आले."

"आणि तुला काय वाटतं?"

"आले तेव्हा वाटत होतं, तुम्ही नको म्हणाल तर बरं."

"आणि आता?"

स्टुलाशेजारच्या ढिगातून एक उशीचा अभ्रा निसटला होता. तिने तो उचलला, टोकाला टोक जुळवलं, हाताने दाबला आणि ढिगावर ठेवला. बाईंनी तो उचलून परत उलगडला आणि नीट घातली घडी.

"माझ्याबद्दल काय लिहिलंय?"

पुस्तकातलं वाक्य तिला पाठ होतं. त्याऐवजी दुसरं कुठलंही सांगता आलं असतं. बाबांनी इथे नऊ वर्षं तेच केलं होतं.

"घरमालकीण खाली लाँड्री चालवीत असे," ती म्हणाली. "तिला कधीही संशय आला नाही."

"पुढे?"

"एवढंच."

बाईंनी मान हलवली. जिन्याकडे पाहिलं. तिथे पायऱ्यांवर आता धुण्याच्या पावडरच्या पिशव्या रचलेल्या होत्या.

"संशय कसला यायचा," त्या म्हणाल्या. "माणूस रडायचा तो खरंच."

मग त्या उठल्या, पिन खोचली, इस्त्री हातात घेतली आणि ती तापायची वाट बघत उभ्या राहिल्या.

"पेन आहे का तुझ्याकडे? मग लिही. म्हणावं, छापायचं तर हेही घाला. त्यांना कॉलरला खळ चालायची नाही. मान खाजते म्हणायचे. तरी मी घालायची."

तिने पिशवीतून पेन काढलं होतं. लिहिता लिहिता ती थांबली. "तरी का?"

"शर्ट घालून पाहिला की जिन्याच्या टोकावरून ओरडायचे ना. परत खळ घातलीत तुम्ही!" बाईंनी बोट ओलं करून इस्त्रीला टेकवून पाहिलं. अजून चर्र होत नव्हतं. "या घरात तेवढाच काय तो आवाज असायचा."

"हेही लिहू?"

"नको," बाई म्हणाल्या. "खळीचं तेवढं लिही."