पातळ आणि गाळून

‘बी,’ एवढं एकच अक्षर तिनं पाटीवर लिहिलं आणि ग्लास मास्तरांच्या पुढ्यात परत सरकवला.

मास्तरांनी ग्लास खिडकीकडे धरून पाहिला. स्ट्रॉबेरीचा मिल्कशेक, दोनदा गाळलेला. स्ट्रॉबेरीची बी ती केवढी! पण तेवढीच दातांवरच्या तारेत अडकली की तिथं जीभ पोचत नाही आणि ब्रशही नाही, हे गेल्या तीन आठवड्यांत त्यांना पाठ झालं होतं.

“अगं, दोनदा गाळलंय.”

तिनं ‘बी’खाली रेघ ओढली.

डेपोच्या जिन्यावरून पाय घसरून ती तोंडावर पडली होती. जबडा दोन ठिकाणी मोडला. डॉक्टरांनी वरचे-खालचे दात तारेनं घट्ट बांधून टाकले. सहा आठवडे तोंड उघडायचं नाही. पोटात जे जाईल ते स्ट्रॉनं, पातळ आणि गाळून. सत्तावीस वर्षं ती बसस्थानकावर गाड्या पुकारत होती. कुठली गाडी कितव्या फलाटावर, कुठलीला किती उशीर, कुणाची पिशवी चौकशीच्या खिडकीत सापडलीय, सगळं तिच्या तोंडून गावाला कळायचं. तिचा चेहरा फारसा कुणाला ठाऊक नव्हता, पण ती भाजी घ्यायला गेली आणि भाव विचारला की भाजीवाली म्हणायची, “तुम्ही स्टँडवरच्या बाई ना?” अशा बाईच्या तोंडाला कुलूप लागलं होतं.

मास्तर, म्हणजे तिचा नवरा, कपड्यांच्या कारखान्यात कटिंगमास्तर. एकतीस वर्षांत त्यांच्या कात्रीनं वीतभर कापड वाया घालवलं नव्हतं. घरात बोलायचं काम तिचं, ऐकायचं त्यांचं. स्वयंपाकघरात ते पाणी प्यायला जात तेवढेच. आता रजा टाकून मिक्सरपुढे उभे होते आणि त्या मिक्सरनं त्यांच्या नाकी नऊ आणले होते. सकाळी अननस घातला तर दूध फाटलं. मग पपईचा केला. तो अगदी छान झाला. पण तिची आंघोळ होईपर्यंत फ्रिजमध्ये ठेवला आणि तेवढ्यात विषासारखा कडू झाला. दूध तेच, पपई तीच, मग कडूपणा आला कुठून? कापड कधी असं दगा देत नाही.

सूप तिला बघवत नव्हतं. दूध आणि फळं, एवढंच ती मनापासून घ्यायची. कालच्या तपासणीत साडेचार किलो उतरली होती. “आणखी किलोभर गेलं तर नाकातून नळी घालावी लागेल,” डॉक्टर म्हणाले होते. “चार दिवसांनी परत या.”

मास्तर तो ग्लास मोरीत ओतणार एवढ्यात बेल वाजली. डेपोचा कंट्रोलर आला होता, हातात केळ्यांचा घड घेऊन.

“काय म्हणताय, बाई? बोलू नका, बोलू नका!” तो आपल्याच विनोदावर हसला आणि ऐसपैस बसला. “तुम्ही आता कशाचीही काळजी करायची नाही. तिकडं सगळं सुरळीत आहे. मशीन बसवलंय.”

तिनं भुवया उंचावल्या.

“गाड्या पुकारायचं. वरूनच पाठवलं. बटण दाबलं की बोलतं. आवाजही गोड आहे हो, कुणा मुलीचा भरलाय. तुम्ही आलात की तुम्हाला चौकशीच्या खिडकीत बसवू. घशाला त्रास नको नि काही नको.”

मास्तर दारातच थबकले. तिनं पाटी पुसली, सावकाश लिहिलं आणि कंट्रोलरकडे वळवली. ‘उशिराची गाडी कोण सांगतं?’

“ते...” कंट्रोलरनं डोकं खाजवलं. “ते अजून त्याला येत नाही.”

तो गेल्यावर ती आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडली.

मास्तर स्वयंपाकघरात परतले. त्यांनी केळी सोलली, मिक्सरच्या भांड्यात टाकली, वरून काठोकाठ दूध ओतलं आणि बटण फिरवलं. झाकण उडालं. दूध फडताळावर, भिंतीवर, त्यांच्या चष्म्यावर. त्यांनी चष्मा पुसला, उरलं ते गाळलं, ग्लास घेऊन खोलीत गेले.

“घे.”

तिनं मान हलवली.

“चार घोट घे.”

तिनं मागे न वळताच हातानं ‘नको’ केलं. तो हात ग्लासाला लागला आणि शेक चादरीवर सांडला.

मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“सकाळपासून उभा आहे मी तिथं!” ते ओरडले. “चार ग्लास! एक फाटला, एक कडू, एकात बी! मला नाही येत हे! तुझं मशीन मी बसवलंय का? तुला बोलता येत नाही, मग मी काय करायचं ते कुणी सांगायचं? आयुष्यभर शिवणी उसवल्या मी, पण ही तार मला नाही गं उसवता येत!”

शेवटच्या शब्दाला त्यांचा आवाज चिरकला. तिच्यावर ते असे कधी ओरडले नव्हते. रिकामा ग्लास हातात धरून ते तसेच उभे राहिले.

ती उठून बसली. त्यांच्याकडे वळली. मग पाटी ओढली.

‘आवाज फाटतोय. पोटातून काढा.’

मास्तरांनी ते दोनदा वाचलं. वर पाहिलं तर तिचे खांदे हलत होते. तिला हसू आवरत नव्हतं आणि हसताना जबडा दुखत होता, म्हणून तिनं दोन्ही हातांनी गाल धरले होते. डोळ्यांत पाणी होतं. ते कशाचं, हे त्यांनी विचारलं नाही.

ती स्वतःच स्वयंपाकघरात आली. भिंत बघून तिनं कपाळाला हात लावला. मग केळ्याच्या बारीक चकत्या केल्या, त्यात नुसतं दोन चमचे दूध घालून फिरवलं आणि गुळगुळीत झाल्यावर बाकीचं ओतलं. तेही भांड्याच्या निम्म्यापर्यंतच. झाकणावर तिनं मास्तरांचा तळहात ठेवला आणि वरून दाबला. शेवटी गाळणं उचलून उजेडात धरलं आणि त्याच्या मोठ्या भोकांकडे बोट दाखवलं.

“थांब,” मास्तर म्हणाले.

ते आपल्या कपाटाकडे गेले. कोरी मलमल होती त्यांच्याकडे, तीन तऱ्हेची. त्यांनी एकेक तुकडा बोटांत चाचपला, खिडकीशी धरला. पहिला विरळ, दुसरा नको तितका दाट. तिसरा त्यांनी उकळत्या पाण्यातून दोनदा काढला, पिळला, पातेल्यावर ताणून धरला. शेक हळूहळू, गाठ न राहता खाली उतरला.

एक ग्लास संपायला पाऊण तास लागला. मास्तर समोर बसून राहिले.

चौथ्या दिवशी काटा दोनशे ग्रॅमनं वर होता. “नळी नको,” डॉक्टर म्हणाले.

परतताना ती बसस्थानकावर थांबली. मास्तरांनी नको म्हणायला तोंड उघडलं, पण ती केव्हाच आत शिरली होती. वरून गोड आवाज आला, “फलाट क्रमांक चार.” चारवर एक बंद पडलेली गाडी बॉनेट उघडून उभी होती, सुटायची गाडी सहावर लावलेली. आवाजाला ते ठाऊक नव्हतं. बोचकं घेतलेली एक म्हातारी कर्ण्याकडे मान वर करून चारवरच उभी होती.

तिनं म्हातारीच्या हातातलं तिकीट वाचलं, बोचकं उचललं आणि तिचा दंड धरून तिला सहापर्यंत नेलं. गाडीत बसवलं, बोचकं मांडीवर ठेवलं.

“बोलता येत नाही वाटतं बिचारीला,” म्हातारी शेजारणीला म्हणाली.

मास्तरांनी खिडकीखालून ते ऐकलं. सांगावंसं वाटलं, पण कुठून सुरुवात करावी ते कळेना. त्यांनी वळून पाहिलं. चारवर अजून सात-आठ माणसं मान वर करून उभी होती आणि ती त्या माणसांकडे निघाली होती.