चित्राची रिकामी चौकट

१९९९ सालची गोष्ट. जतच्या जनावरांच्या दवाखान्यात नव्यानेच आलेली डॉक्टर भार्गवी सांगलीला, विश्रामबागेतल्या नेट कॅफेत जीव टांगणीला लावून बसली होती. शेजारी बनाबाई. तिच्या कळपातली पाच मेंढरं तीन दिवसांत पिवळी पडून मेली होती. उरलेली साठ कशी वाचवायची, हे कुणालाच सुचत नव्हतं.

या दुखण्यावरचा लेख सापडला, पण जतची एसटी वीस मिनिटांत सुटणार होती. तशीही भार्गवीला लेख साठवून नंतर वाचायची भारी खोड. खणभर फ्लॉप्या साठल्या होत्या. त्यातलं वाचलं किती, ते विचारू नये.

"बाई, ह्यात आमच्या मेंढरांचंच हाय न्हवं?"

"हो, हेच दुखणं."

"आन् विलाज?"

"सगळं आहे. नंतर वाचून सांगते," फ्लॉपी आत सरकवत भार्गवी म्हणाली.

बनाबाई पडद्यावर हळूहळू उतरणारं चित्र तेवढं निरखत राहिली.

जतला उतरून बनाबाई वस्तीवर गेली आणि भार्गवी हायस्कुलात. तिथे इंटरनेट नव्हतं, पण संगणक होता. मेली वीज गेलेली! ती येईस्तोवर दोन तास गेले. मग लेख उघडला. मेंढ्यांना कावीळ होते ती एका विषारी झुडपाने. खालच्या चित्रातलं झुडूप कळपाला तोंडही लावू देऊ नये, असं स्पष्ट लिहिलं होतं. खाली मात्र नुसती रिकामी चौकट. फ्लॉपीवर मजकूरच उतरला होता, चित्र नाही.

चित्र बनाबाईने पाहिलं होतं. भार्गवीने तडक स्कूटर काढली.

वस्तीवरच्या वाघुरीत, म्हणजे मेंढरांच्या जाळीच्या कुंपणात, कोवळे देठ विखुरले होते.

"आवं बाई, तुमच्या चित्रातलं औषिद मी वळखलं की!" बनाबाई हरखून म्हणाली. "पान्याचा टँकर हुबा ऱ्हातो तितं यंदा लय उगवलंय. दोन भारं कापून आनलं."

भार्गवीने खाली पडलेला एक देठ उचलला. "सगळ्यांनी खाल्लं?"

"व्हय. कोकरांनीसुदीक."

बनाबाईचा नवरा धुळा पुढे आला, त्याने पटका सावरून हात जोडले. "लय उपकार झालं बगा, बाई."

भार्गवीला त्याच्याकडे बघवेना. आता 'नंतर सांगते' म्हणायची सोय नव्हती.