रोवणीची खाज

करुणानं मला फसवलं. हे आधीच सांगून टाकते, कारण गोड शब्दांत गुंडाळून सांगायची सवय तिची आहे, माझी नाही.

आम्ही दोघी बी.एस्सी.ला एकाच बाकावर बसायचो. पुढं तिचं लग्न भंडाऱ्यात गोपाळरावांच्या घरी झालं, म्हणजे खरं तर त्यांच्या कारखान्याशीच झालं. पितळेचे नळ आणि समया यांच्यावर निकेलचा मुलामा चढवायचा कारखाना. सासरे गोपाळराव थकले तसा कारभार तिच्या हाती आला आणि तिनं मला फोन केला. "दीपा, केमिस्ट म्हणून तूच ये. भरवशाचं माणूस पाहिजे मले." मी हुरळून गेले. पवनीहून बिऱ्हाड हलवलं आणि वर माझ्या आईलाही तिथंच कामाला लावलं. टाकीतून निघालेला माल हातानं धुवायचा, तारेवरून सोडवायचा, पुसायचा. माझी आई सत्यभामा आणि आणखी सात बाया हे काम करायच्या.

टाकीत असतं निकेल सल्फेट. हिरवेगार खडे, बाया त्याला हिरवी साखर म्हणतात. निकेल धातू सौम्य गंधकाम्लात विरघळवायचा, पाणी आटवायचं, थंड होऊ द्यायचं, की हे खडे धरतात. परीक्षेत यावर मी पानभर लिहून आले होते. पाण्यात ते सहज विरघळतात आणि त्या गरम द्रावणात वीज सोडली की पितळेवर चकचकीत निकेल बसतं. सूत्र, रंग, स्फटिकातलं पाणी, सगळं मला तोंडपाठ. ते रोज माणसाच्या हाताला लागलं तर काय होतं, हे आमच्या पुस्तकात नव्हतं, आणि मीही कधी शोधलं नाही.

पहिल्याच पावसाळ्यात आईच्या बोटांच्या बेचक्यांत पुरळ उठलं. मग फोड आले, भेगा पडल्या, त्यांतून पाणी यायला लागलं. बाकीच्या बायांचंही तेच. मी करुणाकडे गेले तर ती हसली.

"अगं, या साऱ्या जणी रोवणीले जाऊन आल्या ना. चिखलानं होते असं. तुले मालूम नाही का?"

मालूम कसं नसेल? आमच्याकडे धानाच्या रोवणीला गेलेल्या बाईचे हातपाय पावसाळ्यात धड राहतात कुठं? पंधरा दिवस चिखलात वाकून रोपं लावायची आणि पुढं महिनाभर चिखल्यांना तेल चोळत बसायचं. आईसुद्धा दरवर्षी सुट्टी काढून दिघोरीला मामाच्या धानाच्या बांधीत रोवायला जायची. करुणाचं म्हणणं मला इतकं पटलं की आईला मीच सांगितलं, रोवणीचं आहे, खोबरेल लाव. इतर बायांनी विचारलं तर त्यांनाही तेच सांगितलं. चार वर्षं सांगितलं.

यंदा आईचा गुडघा सुजला आणि ती रोवणीला गेलीच नाही. एक दिवससुद्धा चिखलात पाय नाही. तरी ऑगस्टात तिचे हात फुटले, आणि असे फुटले की भात कालवता येईना. ती चमच्यानं जेवायला लागली.

"आई, औंदा तं चिखल लागलाच नाही तुले," मी म्हटलं.

"जुनाच असंल अंगात," ती म्हणाली. "निघून राहिला आता."

मला मात्र ते पटेना. दुसऱ्या दिवशी मी प्रयोगशाळेतून डीएमजीची बाटली घरी आणली. हे निकेल ओळखायचं रसायन. सोबत अमोनियाचा थेंब टाकायचा, निकेल असलं तर रंग गुलाबी-लाल होतो. धुण्याच्या पाण्यात किती निकेल वाहून जातं, ते पाहायला मी ते वापरायची. आईच्या चिघळलेल्या हाताला अमोनिया लावायची हिंमत झाली नाही. म्हणून कापसाचा बोळा भिजवून तिच्या लुगड्याच्या पदरावरून फिरवला, जिथं ती दिवसभर हात पुसते. बोळा लाल झाला. मग डब्याच्या पिशवीच्या बंदावरून दुसरा फिरवला, तोही लाल झाला.

निकेल सल्फेटच्या ड्रमवर धोक्यांच्या माहितीचा कागद ठेवायला प्लास्टिकचा खिसा असतो. आमच्याकडे तो नेहमी रिकामा. कंपनी कागद पाठवतच नाही, असं करुणा सांगायची. मी सरळ माल पुरवणाऱ्याला फोन लावला. तो म्हणाला, "मॅडम, हर ड्रम के साथ जाता है, हिंदी में भी." आणि त्यानं तो मोबाईलवर पाठवला. त्यात लिहिलं होतं की कातडीला ॲलर्जी होते आणि एकदा जडली की सहसा जन्मभर सुटत नाही. धूळ किंवा टाकीवरची वाफ श्वासातून जात राहिली तर कॅन्सरचा धोका. हातमोजे घाला, तोंड झाका, वाफ ओढून घेणारा पंखा लावा. आमच्या टाकीवर पंखा नव्हता.

मी करुणाच्या केबिनमध्ये गेले आणि मोबाईल तिच्या पुढ्यात आपटला. वाटलं होतं, ती दचकेल. तिनं चष्मा लावून दोन ओळी वाचल्या.

"माहीत आहे मले," ती म्हणाली. "कॉलेजात खोटे झुमके घालून माझे कान चिघळले होते, तूच तं नेलं होतं डॉक्टरकडे. निकेल सांगितलं होतं त्यानं."

खरंच, मीच नेलं होतं. तेव्हा तो शब्द डॉक्टरनं तिला सांगितला, मी बाहेर बाकावर तिची पर्स सांभाळत बसले होते. आणि ही बाई चार वर्षांत केबिनच्या काचेपलीकडे कधी का येत नव्हती, तेही आता कळलं.

"मंग काहून सांगितलं नाही?"

"हातमोज्यानं माल निसटते, दीपा. काम अर्ध्यावर येते. अन् हा कागद वाचून एक तरी बाई कामावर राहिली असती का?"

"त्यात माझी आई आहे, करुणा."

मग तिनं ड्रॉवरमधून एक रजिस्टर काढून माझ्यापुढं उघडलं. दर महिन्याला एक पान. 'सर्व कामगारांना रसायनाच्या धोक्यांची माहिती दिली. हातमोजे व मास्क दिले.' खाली केमिस्टची सही. प्रत्येक पानावर माझी. दर एक तारखेला चहा पिता पिता, गप्पांच्या ओघात, ती बोट ठेवायची आणि मी सही करायची. मैत्रिणीनं पुढं केलेला कागद कोण वाचतं?

"बाहेर बोभाटा केला तं पहिलं नाव तुझंच येईन," ती म्हणाली. "बस खाली. चहा सांगते."

तिच्या थोबाडीत मारावीशी वाटली. मारली नाही, याचं मला अजूनही वाईट वाटतं.

जेवणाची सुट्टी झाली होती. मागच्या शेडमध्ये बाया डबे सोडून बसल्या होत्या. मी उभ्यानंच तो कागद वाचला, एकेक ओळ आपल्या बोलीत सांगितली. रजिस्टरचंही सांगितलं. खाली सही माझी आहे, हेही सांगितलं. सांगताना वाटत होतं, आता या उठतील आणि केबिनकडे जातील. कोणी उठलं नाही. बाया आधी स्वतःच्या हातांकडे बघत राहिल्या आणि मग माझ्याकडे.

"आमाले तं तूच म्हनत होती, रोवणीचं आहे म्हनून," त्यांतली कामिनी म्हणाली.

"मलेही फसवलं तिनं," मी म्हटलं. "आई, खरंच मले माहीत नव्हतं."

आईनं चमचा डब्यात ठेवला.

"गेल्या साली दवाखान्यातल्या बाईनं इचारलं होतं मले, कामावर काही लागते का हाताले म्हनून," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "मी म्हटलं, नाही जी. माझी पोरगीच तिथं केमिस्ट आहे. तसं असतं तं तिनं पयले मले सांगितलं असतं."

मग तिनं बोटं न लावता मनगटांनी डबा उचलला आणि ती कामिनीशेजारी जाऊन बसली.