दोन कंसांमधली बस

सकाळचे ऊन आधी समोरच्या तंबाखूच्या जुन्या गोदामाच्या कौलांवर उतरले. तिथे ते बराच वेळ रेंगाळले. रस्ता ओलांडावा की नाही, हे जणू त्याचेच ठरत नव्हते. मग ते भिंतीच्या उडालेल्या पिवळ्या रंगावरून खाली घसरले, ओल्या फरशांवर क्षणभर पसरले आणि खिडकी चढून आत आले. मेजावर न्याहारीला आणलेल्या बानित्साच्या, चीज भरलेल्या पेस्ट्रीच्या, तुपकट कागदावर ते थांबले आणि शेवटी ल्युबेनच्या संगणकावर येऊन स्थिरावले. त्याने पडदा ओढला नाही. उन्हात अक्षरे फिकट दिसत होती, आणि आज त्याला ती फिकटच हवी होती.

बल्गेरियातल्या प्लोव्दिवच्या या लहानशा प्रकाशनसंस्थेसाठी राइना मावशींनी अकरा वर्षे डोंगरातल्या द्राक्षमळेवाल्यांचे बोलणे टेपवर घेतले होते. ते टंकताना जे शब्दांत आले नाही, ते त्यांनी चौकोनी कंसांत नोंदवले: [खोकतात], [हसतात], [उठून दार लावतात]. पुस्तकात हे कंस नको होते. फायली एकेचाळीस, कंस हजारो. हाताने खोडायचे तर महिना गेला असता. संगणकाने ते आपोआप शोधून पुसावेत म्हणून ल्युबेनने एका ओळीचा नमुना लिहिला: उघडणारा कंस, मग काहीही, कितीही, मग बंद होणारा कंस, जिथे सापडेल तिथून पुसून टाक. दुपारी बाराला मजकूर छापखान्यात जायचा होता.

चाळीस फायलींचा मूळ मजकूर त्याने डोळ्यांखालून घातला होता. सतरावी तेवढी उघडली नव्हती. ती ग्रोझ्दान यांची, त्याच्या वडिलांची होती. त्यांना जाऊन दोन वर्षे झाली होती. बाकीच्यांसारखीच असणार, असे तो महिनाभर स्वतःला समजावत आला होता.

नमुना चालला. थोड्याच वेळात राइना मावशी हातात कागद नाचवत आल्या.

"अरे बाळा, वेल छाट म्हटलं होतं, तू तर मुळासकट उपटलीस की! हा स्तोइल म्हातारा तोंड उघडतो आणि लगेच मिटतो. चार तास बोलला होता तो माझ्याशी!"

ल्युबेनने कागद पाहिला आणि त्याचे कान तापले. "एकेक उत्तर एकाच लांब ओळीत आहे, मावशी. नमुना अधाशी निघाला. पहिला कंस पकडतो आणि थेट ओळीतल्या शेवटच्या कंसापर्यंत जातो, वाटेतलं सगळं गिळत."

"म्हणजे माझ्या धाकट्या दिरासारखा, जेवायला बसलेला. मूळ प्रत आहे ना?"

"आहे."

"मग चेहरा कशाला पाडतोस? घाल त्याला लगाम."

लगाम म्हणजे एक प्रश्नचिन्ह. ते योग्य जागी ठेवले की नमुना पहिल्याच बंद कंसापाशी थांबतो. ल्युबेनला हे ठाऊक होते. तरी त्याचा हात तिकडे वळेना. त्याने सतरावी फाइल उघडली, अधाशी नमुन्याने साफ केलेली.

'मुलाला त्रिफोनच्या सणाला वेली छाटायला बोलावलं होतं. रस्ता बर्फानं बंद आहे, म्हणाला. शहरात कामही फार असतं त्याला.'

कुठे व्रण नाही, टाका नाही. रस्ता बंद होता, हेच तो सगळ्यांना सांगत आला होता. वडिलांना पुरले त्या दिवशीसुद्धा, आवाज कापू न देता. आता ते वडिलांच्याच तोंडून छापले जाणार होते.

तो उठला. खिडकी उघडली, लावली. चहाचे पाणी ठेवले आणि विसरला. ही एकच फाइल अशीच राहिली तर कोणाचे काय जाणार होते? पाणी आटून भांडे करपल्याचा वास आला तेव्हा तो राइना मावशींच्या दारात उभा होता.

"मावशी, सतरावी... आत्ता साफ झालीय तशीच गेली तर?"

मावशींनी चष्मा काढला. "टेप मी ऐकलीय, टंकलीही मीच. पण साफ करायचं काम तुझं आहे, बाळा. मला विचारून तू मोकळा होऊ नकोस."

बाराला दहा कमी होते. त्याने प्रश्नचिन्ह ठेवले आणि नमुना मूळ प्रतीवर पुन्हा चालवला. एकेचाळीस फायलींतले कंस गळून पडले; वाक्ये जागच्या जागी उभी राहिली. सतरावीतलीही.

'रस्ता बर्फानं बंद आहे, म्हणाला. छाटलेल्या वेलीवर ओतायची वाइन घेऊन मी थांब्यावर उभा होतो. बस सकाळी आली, संध्याकाळीही आली. शहरात कामही फार असतं त्याला.'

मूळ प्रतीत 'म्हणाला'नंतर [थांबतात] होते. 'आली'नंतर [खिडकीबाहेर बघतात]. ते दोन्ही त्याने एकदा, हळू, वाचले. मग मजकूर पाठवून दिला.

"गेलं का रे?" आतून हाक आली.

"गेलं."

"सगळं?"

"सगळं, मावशी."

ऊन मेजावरून उतरून त्याच्या पायांशी आले होते. त्या सणाच्या दिवशी घाटाचा रस्ता उघडा होता. तोच गेला नव्हता.