डाव्या टोकाचा डिंक

“डावीकडे आज फारच डिंक थापलाय यानं,” काका ओठांतल्या ओठांत पुटपुटले. दुसऱ्या कुणाला ते कळलं नाही. मला कळलं, कारण मी त्यांच्या ओठावरच बसले होते.

मित्रांनो, मी एक जुनी मिशी आहे. खोटी आहे, पण केस खरे आहेत. काका नाटकासिनेमांत लोकांना हसवतात आणि मी त्यांची सगळ्यात पहिली मिशी. मला बनवलं ते रंगभूषा करणाऱ्या दादाने. काकांना एका भूमिकेसाठी मिशी हवी होती आणि बाजारातल्या मिशा पसंत पडेनात. एक लावली की ते चोर दिसत, दुसरी लावली की बोका. शेवटी दादाने स्वतःच्या दाट केसांची बट कापली आणि बारीक जाळीवर एकेक केस गाठ मारून बसवत मला तयार केलं. आज दादाला पूर्ण टक्कल आहे. “माझं तारुण्य उरलंय ते काकांच्या ओठावर,” असं तो सगळ्यांना सांगतो.

ती भूमिका होती बायकोला घेऊन मुलीकडे राहायला आलेल्या बापाची. हा बाप पिशवी काखोटीला मारून पहिल्या प्रवेशापासून “बरं, निघतो मी” म्हणत असतो आणि शेवटचा पडदा पडेपर्यंत निघत नाही. काकांना त्यासाठी अभिनय फारसा करावा लागला नाही. त्यांना मुळातच एका जागी स्वस्थ बसवत नाही. विंगेत उभे असले तरी या पायावरून त्या पायावर. घरी जेवतानासुद्धा अर्धे उठलेले. “यांना वाढायचं म्हणजे पळत्या माणसाला वाढायचं,” असं काकू म्हणतात.

पहिल्याच प्रयोगात काकांना घाम फुटला आणि माझं डावं टोक सुटलं. मी लोंबू लागले. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. पण काकांनी मला हात लावला नाही. त्यांनी नाकातून जोरात श्वास सोडला आणि मी फडफडून वर उडाले. लोक असे हसले की जावयाचं काम करणारा नट आपलं वाक्यच विसरला. तेव्हापासून दादा माझ्या डाव्या टोकाला मुद्दाम डिंक कमी लावायचा. जावयाने “मग निघताय ना?” असं विचारलं की काका फुंकर मारायचे, मी उडायचे आणि लोक हॉल डोक्यावर घ्यायचे.

त्यापुढचं काम खरं अवघड होतं. थांबण्याचं. हसू चढतं, वर पोहोचतं आणि मग उतरू लागतं. ते उतरू लागलं की नेमकं पुढचं वाक्य टाकायचं. लवकर टाकलं तर वाक्य हसण्यात बुडतं, उशीर केला तर सगळं गार पडतं. दूध उतू जायच्या आत गॅस बंद करावा तसं ते असतं. तेवढा वेळ काका श्वास रोखून धरत. माझा एक केससुद्धा हलत नसे.

मग सिनेमा आला. कॅमेऱ्याला माझी जाळी दिसते म्हणून मला पत्र्याच्या डब्यात टाकलं आणि नव्या मिशा आल्या. काका डॉक्टर झाले, न्यायाधीश झाले, कितीतरी नायिकांचे मामा झाले. रस्त्यात लोक त्यांना मामाच म्हणू लागले. नव्या मिशा कामावरून परत आल्या की डब्यात माझ्याशेजारी पडून गप्पा मारत. त्यांच्याकडून कळलं की सेटवर कुणाला हसायची परवानगी नसते आणि त्यामुळे काका कासावीस होतात. शेवटी त्यांनी एक युक्ती काढली म्हणे. कोपऱ्यात उभ्या असलेल्या जाड्या लाइटवाल्याच्या पोटाकडे बघायचं. पोट हललं तर शॉट जमला.

डब्यात मला कसर लागली. उजवी बाजू विरळ झाली. मी रुसलेसुद्धा, पण बंद डब्यात रुसून दाखवणार कुणाला?

पुष्कळ वर्षांनी ते जुनं नाटक पुन्हा उभं राहिलं आणि दादाने डबा उघडला. मला दुरुस्त करायला आता त्याच्याकडे केस नव्हते. मग काकूंनी आपल्या वेणीतले दिले. म्हणून मी उजवीकडे जरा पांढरी आहे. मला तर ते शोभतं.

पण पहिल्याच प्रयोगात माझ्या लक्षात आलं की काहीतरी बिनसलंय. लोक हसले, हसू उतरलं, संपलं, आणि काकांचा श्वास रोखलेलाच. दुसऱ्या वेळी उलटं. लोक हसतायत आणि काकांनी बोलायला सुरुवातही केली. इतर नटांची वाक्यं त्यांना पाठ होती, शिवाय ओठांवरून समजत होती. पण अंधारात बसलेल्या हॉलचे ओठ दिसत नाहीत.

हे सगळ्यांत आधी ओळखलं ते नाटकात त्यांच्या बायकोचं काम करणाऱ्या बाईंनी. या बाई नाटकाबाहेरही काकांना ‘अहो’ म्हणतात आणि काकू त्यांना ‘आमची सवत’ म्हणून डबा पाठवतात. नाटकात त्यांच्या हातात एक पंखा असतो. हसू उतरू लागलं की बाई काकांच्या कोपरावर पंख्याची हलकी टपली मारू लागल्या. टपली बसली की काका बोलायचे. दोघांत एका शब्दानेही कधी बोलणं झालं नाही. ती टपली किती गोड आहे, असं पेपरात छापून आलं.

हळूहळू सगळ्यांना कळलं. सगळे काकांशी मोठ्याने बोलू लागले, आणि जणू जन्मापासून असंच बोलतो असं दाखवू लागले. “टीव्ही आम्ही शेजाऱ्यांसाठीच लावतो,” एवढं म्हणून काकू तोंड फिरवायच्या. काका मात्र नव्या हॉलना नावं ठेवायचे. “खुर्च्या बघ कसल्या गुबगुबीत केल्यात. हसू पिऊन टाकतात.”

मग बाई जिन्यात पाय घसरून पडल्या. घोट्याला प्लास्टर. त्यांच्या जागी नवी मुलगी आली, हुशार, वाक्यं चोख पाठ. पण टपलीचं तिला कुणी सांगितलं नाही. टपली सांगायची तर ती कशासाठी हेही सांगावं लागलं असतं.

दुपारचा प्रयोग होता. दादा सकाळपासून बेचैन. डिंकाची बाटली उघडतोय, बंद करतोय, पुन्हा उघडतोय. शेवटी त्याने माझं डावं टोक दाबून, घट्ट चिकटवून टाकलं. मी समजले. मिशी उडाली नाही तर लोक हसणार नाहीत. हसले नाहीत तर काका थांबण्यात चुकणार नाहीत. एवढा साधा हिशेब त्या भल्या माणसाचा.

प्रयोग सुरू झाला. लोक हसत होते आणि काका त्या हसण्यावरच बोलत होते. वाक्यामागून वाक्य बुडत होतं. मग जावयाने विचारलं, “मग निघताय ना?” काकांनी फुंकर मारली. मी जीव खाऊन टोक ओढलं. सुटलं नाही. त्यांनी पुन्हा फुंकर मारली. नाहीच.

कुणी हसलं नाही. आणि काकांनी मान किंचित वर केली, श्वास रोखला आणि ते थांबले. नेहमी थांबतात तसे. कुणीतरी खोकलं. नवी मुलगी पंखा छातीशी धरून बघत राहिली. त्या शांततेत समाधानी असे एकटे काकाच होते.

पडदा पडल्यावर ते आरशासमोर येऊन बसले, म्हणजे बसल्यासारखे झाले. गुडघा हलत होता.

“दादा, ऐकलंस ना? एवढा डिंक थापलास, तरी हसले.”

“हसले ना, काका,” दादा मोठ्याने म्हणाला आणि कापसाचा बोळा शोधायला खाली वाकला.

“खूपच हसले,” नवी मुलगी म्हणाली.

दादाने स्पिरिट लावून माझं डावं टोक सोडवलं.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तूला जपायला फार काही लागत नाही. कोरडा डबा, डांबराची एखादी गोळी, महिन्याकाठी जरासा वारा. पण आपल्या माणसाला जपायचं म्हणून त्याला असं डिंकाने चिकटवून टाकू नका. माझं ऐका. मी चिकटले होते तेव्हा काकांच्या सर्वांत जवळ होते, आणि त्यांच्या काही उपयोगाची नव्हते.

दार ढकलून बाई आत आल्या, काठी टेकत. त्या मागच्या रांगेत बसून सगळा प्रयोग बघत होत्या. दादाने खुर्ची पुढे केली. त्या बसल्या नाहीत. काकांच्या मागे जाऊन अशा उभ्या राहिल्या की आरशात त्यांचा चेहरा काकांना नीट दिसावा.

“या, या,” काका म्हणाले. “आज मिशी उडाली नाही, तरी बघा लोकांनी...”

बाईंनी त्यांच्या कोपरावर बोटांनी टपली मारली. काकांनी आरशात वर पाहिलं.

“मिशीला कुणी हसलं नाही,” बाई सावकाश म्हणाल्या. “त्याआधी हसले होते. चांगले पोट धरून हसले होते, तेव्हा तुम्ही बोलत सुटला होतात.”

“बाई, राहू द्या ना,” दादा म्हणाला.

“किती दिवस राहू देऊ?” बाईंनी आरशातून नजर हलवली नाही. “अहो, इकडे बघा. तुम्हाला ऐकू येत नाही.”